पतंगाच्या कानात काय सांगितलं?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे एका पतंगाबद्दल. संक्रांतीला उडतो तो नव्हे, रात्री दिव्याभोवती फिरतो तो, पाखरू.

डिसेंबर २००१ मध्ये पीटर जॅक्सन यांचा 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला सिनेमा आला. मूळ कथा टोल्किन यांची, पहिला खंड १९५४चा. अंगठी कोणती, ती बुटक्या फ्रोडोनं ज्वालामुखीत का नेऊन टाकायची, गॅन्डाल्फ नावाचा दाढीवाला जादूगार कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून मी पुढे जाते. ठाऊक नसेल तर घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला विचारा. जेवण बाजूला सारून सांगेल.

तर या गॅन्डाल्फला सारुमान नावाचा दुसरा जादूगार दगा देतो आणि आपल्या उंच मनोऱ्याच्या टोकावर डांबून ठेवतो. उघडं टोक, कठडा नाही, खाली झाडं तोडणं सुरू, भट्ट्या पेटलेल्या. आणि तिथे एक पतंग भिरभिरत येतो. म्हातारा त्याला अलगद मुठीत धरतो, तोंडाजवळ नेतो, काहीतरी पुटपुटतो, सोडून देतो. पुढे बऱ्याच वेळानं एक भलामोठा गरुड येतो आणि गॅन्डाल्फ मनोऱ्यावरून थेट त्याच्या पाठीवर उडी टाकतो. सुटला.

आता सांगा, तो पतंग कोणाचा? आला कसा? आणि त्याच्या कानात काय सांगितलं? सिनेमा याचं उत्तर देत नाही. पहिल्या भागात देत नाही, दुसऱ्यात देत नाही, तिसऱ्यात देत नाही.

पुस्तकात पाहावं, तर पुस्तकात पतंगच नाही! तिथे रॅडागास्ट नावाचा तिसरा एक जादूगार आहे, पशुपक्ष्यांचा सोबती, स्वभावानं भोळा. सारुमान त्याच्याच हातून निरोप पाठवून गॅन्डाल्फला बोलावून घेतो. रॅडागास्टला कटाचा पत्ता नसतो. गॅन्डाल्फ त्याला एवढंच सांगून ठेवतो की तुझ्या पक्ष्यांना म्हणावं, काही बातमी असली तर त्या मनोऱ्यावर आणून द्या. आणि खरंच, ग्वाइहिर नावाचा गरुड बातमी घेऊन येतो, पाहतो तर काय, गॅन्डाल्फ कैदेत. जाळं टाकायला वापरलेला माणूसच सुटकेची वाट होऊन बसला. कथेतल्या पंचांगानं १० जुलैला अडकलेला गॅन्डाल्फ १८ सप्टेंबरला सुटतो. मला हा भाग फार आवडतो. पण सिनेमात रॅडागास्टला जागाच मिळाली नाही. नावसुद्धा नाही. त्याच्या जागी आला पतंग.

हे सगळं मला सांगितलं माझ्या पुतण्यानं, आणि ज्या दुपारी सांगितलं त्या दुपारची गोष्ट तुम्हाला ऐकवायचीच आहे.

सीडीचा जमाना होता. मे महिना. आम्ही तेव्हा नागपुरात नंदनवनला राहायचो. घरात कूलर एकच, तोही समोरच्या खोलीत, म्हणून दुपारी सगळं घर त्याच खोलीत गोळा. (वाळ्याच्या ताटीला तोड नाही, हे माझं मत मी याच माइकवर आधीही सांगितलं आहे. हल्लीच्या कागदी ताट्या गार करतील, पण वास कुठून आणतील?) पुतण्यानं भाड्यानं सीडी आणलेली. इंग्रजी सिनेमा, खाली पाट्या नाहीत. पोरं पुढे सतरंजीवर, आमचे हे दिवाणावर घोरत, आणि खुर्चीत मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं. ते कूलरपुढे बसले होते आणि टीव्ही त्यांच्यापुढे आला होता, इतकंच.

मामाजींची सगळी नोकरी आरमोरीच्या बाजूला, कोशाच्या केंद्रावर झालेली. कोसा म्हणजे आपलं टसर रेशीम, सगळ्यांना माहीत आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, पक्ष्यांपासून, माकडांपासून त्यांची राखण करायची, कोसे उतरवायचे, पुढच्या पिकासाठी थोडे ठेवायचे, त्यातून पतंग निघतात. आयुष्यभर हेच पाहिलेला माणूस.

तर पडद्यावर पतंग आला आणि डुलकी घेणारे मामाजी ताठ बसले.

"काय म्हणते थो?"

पुतण्या म्हणाला, "आबाजी, ऐकू नाही आलं."

"कसं येईन? हे घरघर करून राह्यलं. बंद कर कूलर."

श्रोतेहो, मे महिन्यात दुपारी नागपुरात कूलर बंद कर म्हणणं म्हणजे काय, हे मी पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगू शकत नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. पण मामाजींच्या शब्दापुढे बोलायची सोय नव्हती. कूलर बंद. वरचा पंखाही बंद. सीडी मागे घेतली. सगळे माना पुढे काढून बसले. म्हातारा पुटपुटला, पतंग उडाला, कळलं काही नाही.

आतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या, "काहून बंद केला जी कूलर? मारता का आमाले?"

"चूप राहा वं. ऐकू दे थो काय म्हणते तं."

पुन्हा मागे घेतली. आता पुतण्यानं आवाज पूर्ण वाढवला. पुटपुटणं मोठं झालं, कळलं तरीही नाही, आणि लगेच पुढच्या दृश्यातले भट्टीतले हातोडे आणि वाजंत्री अशी काही अंगावर आली की आमचे हे दिवाणावर उठून बसले आणि म्हणाले, "कोण आलं?" आत्याबाई पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात, अर्धं पन्हं फरशीवर. घामानं सगळे निथळत होते आणि मामाजी म्हणत होते, अजून एकदा लाव.

मग पुतण्या वैतागला. म्हणाला, आबाजी, पुस्तकात हे पाखरू नाहीच आहे. आणि त्यानं ती रॅडागास्टची सगळी कथा सांगितली. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतली.

"मंग हे पाखरू कोनं आनलं?"

"डायरेक्टरनं."

"हुशार आहे."

"पण का आणलं, ते तर सांगायला पाहिजे ना!"

त्यावर मामाजी बोलायला लागले आणि सिनेमा थांबला तो थांबलाच. म्हणाले, कोशातून निघालेल्या पाखराले खायाले तोंडच नसते. आठ-दहा दिवस जगते, काही खात नाही, पीत नाही. त्याले एकच काम. आम्ही मादी झाडाले बांधून ठेवो संध्याकाळी. आजूबाजूले एक नर नाही दिसे. सकाळी पाहावं तं नर हजर. कुठून आला, कोनं बोलावला? जंगल पार करून येते बापा, निस्त्या वासावर. त्याच्या मिशा पाह्य, पिसावानी असतात, त्यानं वास घेते. आता तूच सांग, दूर कोनाले निरोप धाडाचा असन तं कोनाले धाडशीन?

पोरं गप्प. पुतण्या मात्र इंजिनिअरिंगचा, तो कशाला सोडतो! म्हणाला, आबाजी, ते सगळं ठीक, पण तो काय बोलला?

मामाजी म्हणाले, "पाखराले सांगतलं ना त्यानं? तुले थोडीच सांगतलं."

आणि खुर्चीत रेलले. कूलर लावा म्हणाले.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण खरी गंमत पुढेच आहे. दुसरी सीडी घातली. गॅन्डाल्फच्या सुटकेचं दृश्य आलं. सारुमान मोठमोठ्यानं धमकावतोय, पोरांचे डोळे त्याच्यावर, माझेही. मामाजी एकदम म्हणाले, "आलं पाखरू." आम्ही म्हटलं, कुठे? कोणालाच दिसलं नव्हतं. मागे घेऊन पाहिलं तर खरंच, एवढासा पतंग कडेनं फडफडत जातो आणि त्याच्यामागून गरुड. तुम्ही सिनेमा पाहिला असेल तर आठवून बघा, गरुड आठवेल. गरुडाच्या आधीचा पतंग आठवतो का?

या दृश्यावर खुलासे करणारे पुष्कळ आहेत. हल्ली प्रत्येक सिनेमाचा शेवट उलगडून सांगणारे व्हिडिओ सिनेमाच्या आधी बघतात लोक, तेही दीडपट वेगानं. असो. कोणी म्हणतं, पतंग रॅडागास्टनंच पाठवला असणार. मला ते पटत नाही. २०१२ साली जॅक्सन यांनी 'द हॉबिट'चा पहिला सिनेमा काढला, त्यात रॅडागास्ट एकदाचा आला. डोक्यावरच्या टोपीत पक्ष्यांचं घरटं, घरात आजारी हेजहॉग, म्हणजे साळूसारखा छोटा काटेरी प्राणी. त्याच सिनेमात गॅन्डाल्फ पेटत्या झाडावर अडकतो आणि पुन्हा पतंग धरतो, पुन्हा पुटपुटतो, पुन्हा गरुड येतात. रॅडागास्ट हाताशी असूनही पतंग त्याच्याकडे दिला नाही. म्हणजे पतंग गॅन्डाल्फचाच. पुस्तकात मात्र तिथे गरुड आपणहून येतात, खालची आग आणि गोंधळ पाहून.

मग पतंगाची गरज का पडली? पुस्तकात सुटकेची हकिगत गॅन्डाल्फ स्वतः एका सभेत सांगतो. ऐकणाऱ्याला "गरुड आला" एवढं पुरतं, तुम्हा रेडिओवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. डोळ्यांना ते पुरत नाही. पडद्यावर नुसताच गरुड आला असता तर थिएटरात कोणीतरी "काहीही!" म्हणालं असतं. आधी कोणीतरी जाताना दिसावं लागतं, मग कोणीतरी आलेलं पटतं. आणि जाणारा जितका लहान, तितका येणारा मोठा वाटतो. हा सगळा सिनेमाच लहानांनी मोठं काम करण्याचा आहे. अंगठी नेणारा बुटका, निरोप नेणारा पतंग.

एक जुना आक्षेप आहे, की गरुड बोलावता येतात तर अंगठी गरुडावरूनच का नाही नेली. गरुड म्हणजे सीताबर्डीचा ऑटो नव्हे, हात दाखवला की थांबायला. पुढचा मुद्दा.

निरोप्यांचं आपल्याला नवल नसावं. दमयंतीकडे हंस आला तो विदर्भातच. रुक्मिणीनं ब्राह्मणाहाती निरोप धाडला तो विदर्भातूनच. आणि कालिदासाचा यक्ष ज्या रामगिरीवर अडकला तो आपलाच रामटेक, असं संस्कृतचे पंडित डॉ. वा. वि. मिराशींनी मांडलं. डोंगरावर अडकलेला एकटा जीव, आणि निरोप्या कोण, तर ढग. कालिदास स्वतःच विचारतो, धूर, उजेड, पाणी आणि वारा यांचा हा गोळा, हा काय निरोप नेणार? आणि स्वतःच सांगतो, प्रेमानं व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव कळत नाही. नंतर वाटेतली गावं, नद्या, यक्षाचं घर आणि शेवटी अक्षरन् अक्षर निरोप, सगळं ऐकवतो. कालिदासानं सांगितलं, जॅक्सननं झाकलं. मला दोन्ही चालतं. आमच्या पुतण्याला अजून चालत नाही, तो वेगळा भाग.

त्याचा एक प्रश्न मात्र खरा आहे. २००३च्या तिसऱ्या भागात शत्रूच्या मुलखाच्या काळ्या दरवाजासमोर शेवटची लढाई चालू असते. गर्दीत गॅन्डाल्फजवळून पतंग जातो, तो वर बघतो, गरुड आलेले. पण या वेळी गॅन्डाल्फनं पतंगाला पाठवलेलं सिनेमात कुठेच नाही. धरलं नाही, पुटपुटला नाही. उत्तर तेवढं आलं. मग निरोप केव्हा गेला, आणि कोणी धाडला? पुतण्या म्हणतो, दृश्य कापलं असेल. मामाजी असते तर काय म्हणाले असते हे मला माहीत आहे, आणि आता तुम्हालाही. तरी सुटीत तिसरा भाग लावा, कूलर बंद करायची गरज नाही, आणि काय दिसलं ते आम्हाला पत्रानं कळवा.

नमस्कार.