तुडूम कोणाच्या हाती?

अध्यक्ष महोदय आणि मंडपात बसलेल्या मंडळींनो,

मी कापसाच्या पट्ट्यातला माणूस. आमचे वावर वर्धा जिल्ह्यात आहे, धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, मी फारसा उतरलेलो नाही; तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या लोकांना तलाव समजावून सांगण्याचे धाडस मी करणार नाही. मला एवढेच मांडायचे आहे, की बदललेल्या पावसात गावाला तग धरायचा असेल, तर नवे वाण आणि नवे यंत्र येण्याआधी पाण्याबाबत गावाचा आपसातला करार पक्का व्हावा लागतो.

आधी पावसाचे पाहू. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम ओततो, आणि खंड पडतो तेव्हा तीच तापलेली हवा माती आणि पीक दोन्ही लवकर सुकवते. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीच्या पुराने काठची वावरे खरडून नेली, हे आपण पाहिलेच आहे. पेरणीपुरते बोलायचे, तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, ही शिफारस मी स्वतः कितीतरी सभांतून सांगत आलो. तरीही एका वर्षी मृगाची एक जोरदार सर आली, शेजाऱ्याची तिफण निघालेली दिसली, आणि मला राहवले नाही. पुढे पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले. सोयाबीनचे मोड मातीतच करपले आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागले. पुढच्या वर्षी रुंद वरंबा आणि सरी पाडून पेरले. खंडात सरीतली ओल कामी आली आणि अतिवृष्टीत त्याच सरीतून पाणी निघून गेले. मात्र ते पाणी ज्याच्या धुऱ्यावर जाऊन आदळले, त्या शेजाऱ्याला मी आधी विचारलेले नव्हते, आणि त्यावरून झालेले भांडण अजून पुरते मिटलेले नाही.

म्हणूनच तुमचे तलाव मला महत्त्वाचे वाटतात. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत, आणि त्यातले बरेचसे कोहळी समाजाच्या कसबाने उभे राहिले. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे तुम्ही 'मामा' करून टाकले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे पाटबंधारे विभागाकडे गेले. मालगुजारीचा मी गोडवा गात नाही, कारण तिच्यात वेठही होती. पण पाळ फुटली तर कोणी धावायचे आणि तुडूम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, कधी उघडायचे, हे तेव्हा ठरलेले असे. कागदावर मालक बदलला आणि ते ठरलेपण सुटले.

आता अनुकूलन आणि शमन या दोन जड शब्दांकडे येतो. आलेल्या बदलाशी जुळवून घेणे म्हणजे अनुकूलन, आणि बदल घडवणारे वायू कमी करणे म्हणजे शमन. कचेरीत यांच्या दोन निराळ्या फाइली असतात, पण धानाच्या बांधीत ती एकाच पाण्याची गोष्ट आहे. बांधीत सतत पाणी साचून राहिले की चिखलात प्राणवायू उरत नाही, आणि तिथले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. पाणी आटू देऊन, माती किंचित भेगाळू लागली की पुन्हा भरले, तर हा मिथेन जवळपास निम्म्यावर येऊ शकतो आणि तलावातले पाणीही वाचते. तेच पाणी पुढे निसव्याच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडण्याच्या वेळी, पाऊस रुसला तर, उपयोगी पडते.

अडचण अशी, की तलावाखालचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. एकट्याने बांधी सुकवायची ठरवली, तर वरच्याचे पाणी शिरणारच. त्यामुळे तुडुमाखालच्या सगळ्या खातेदारांनी पाळी ठरवली तरच हे जमेल. पाळी पाहणारा माणूस गावाने नेमायचा आणि त्याची मजुरीही गावाने द्यायची. गावाला एकमताने असे काही चालवता येते, हे गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने जंगलाच्या बाबतीत दाखवले आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर तिथल्या लोकांना सामूहिक हक्क मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव सगळ्यांची संमती झाल्याशिवाय निर्णय घेत नव्हते.

शमनाचा उपदेश विदर्भातल्या शेतकऱ्याला करताना मात्र माझी जीभ अडखळते. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. त्याचा कोळसा इथला, राख इथली, आणि वीज साऱ्या राज्याची. बांधीतल्या मिथेनने त्या धुराड्यांचा हिशेब फिटत नाही. शेतकऱ्याचे पाणी किंवा पैसा वाचत असेल तेवढेच शमन त्याच्याकडून मागावे, असे माझे मत आहे.

शेवटचा मुद्दा गाळाचा, कारण उद्या तुमच्या ग्रामसभेत तोच विषय आहे. गाळ काढून वावरात टाकणे चांगलेच, पण जेसीबी लावून तळ एकसारखा खोल खरवडू नका. काठाचा उथळ उतार आणि त्यातल्या पाणवनस्पती गेल्या, की माशांना अंडी घालायला जागा राहत नाही. काढायचीच असेल तर तलावात माजणारी बेशरमाची झुडपे मुळासकट उपटा. आणि तलाव पार रिकामा करायचा, की माशांपुरते पाणी तळाशी राखायचे, हे ठरवताना मासेमारी करणाऱ्या ढिवर कुटुंबांना समोर बसवा. त्यांच्याकडे वावर नाही, म्हणून खातेदारांच्या यादीत त्यांचे नाव येत नाही. या मंडपात मी मघापासून पाहतो आहे, पुढच्या चारही रांगा खातेदारांच्या आहेत आणि ढिवर मोहल्ल्यातली दोन-तीनच माणसे मागे खांबाला टेकून उभी आहेत. प्रश्नोत्तरे सुरू करण्याआधी त्यांना पुढे जागा करून द्यावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.