पाकीट तेच, दुकान वेगळं

(दृश्य: जूनचा पहिला आठवडा. तालुक्याच्या गावातलं कृषी केंद्र. बाहेर मोटारसायकली, आत काउंटरपाशी दाटी.)

चोपडा घ्या, पारोळा घ्या, शिरपूर घ्या. पावसाची चाहूल लागली की कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. सगळी झुंबड कापसाच्या बियाण्यासाठी. पण याच गर्दीत काही जण घ्यायला नाही, परत करायला आलेले असतात.

(दृश्य: पिशवीतून बाहेर येणारी दोन बंद पाकिटं. लॉट नंबरवर, म्हणजे बियाण्याच्या खेपेच्या क्रमांकावर, फिरणारं बोट.)

‘भाऊ, ही दोन जास्तीची झाली. ठेवून घ्या.’

दुकानदार पाकीट उलटं करतो. लॉट नंबर वाचतो, समोरचं रजिस्टर चाळतो आणि मान हलवतो.

‘हाई पाकीट आमनं नही शे, भाऊ.’

शेतकऱ्याला हे पटत नाही. कंपनी तीच, वाण तेच, शिक्का फुटलेला नाही. किंमत तर सरकारनेच बांधून दिलेली. 2025 च्या खरिपात बीजी-२ या बीटी कापसाच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला केंद्र सरकारने 901 रुपयांची कमाल किंमत ठरवली होती, मग दुकान कुठलंही असो. याच वाणासाठी उद्या कुणी विचारायला येणारच आहे. त्याला हे दिलं तर दुकानदाराचं बिघडतं काय?

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. पाकीट उरतं त्यालाही कारण असतं. एकरी साधारण दोन पाकिटं लागतात, पण उगवण विरळ झाली तर नांग्या भरायला हाताशी बियाणं हवं, म्हणून माणूस एखादं जास्तीचं नेतो. कधी विहिरीचं पाणी आटतं आणि ठरलेल्या दोन एकरांऐवजी एकाच एकरात लागवड होते. मग घरात पडून राहिलेले हे पैसे खताला लागणार असतात.

आणि ज्याच्याकडून घेतलं त्याच्याकडेच का नाही नेत? कारण तिथे पाटी असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ किंवा बिलच मिळालेलं नसतं. मागणी असलेलं वाण ऐन हंगामात छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकलं जातं आणि अशा व्यवहाराचं पक्कं बिल कुणी फाडत नाही. कागद न देणारा दुकानदार या गोष्टीतला पहिला दोषी आहे. शेतकऱ्याला बोल लावण्याआधी हे सांगायलाच हवं.

कायदाही इथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवस धरायचे. त्या पाटीच्या आड लपून सदोष माल नाकारता येत नाही. पण ही जबाबदारी विकणाऱ्याची आहे. ज्याने विकलंच नाही त्याच्यावर ती येत नाही. शिवाय जास्तीचा झालेला माल म्हणजे सदोष माल नव्हे.

(दृश्य: जळगावचा सराफ बाजार. काट्यावर ठेवलेली जुनी बांगडी.)

दुसऱ्याचा माल कुणीच घेत नाही, असंही नाही. जळगावच्या सराफ बाजारात तुम्ही कुठल्याही गावचा, कुठल्याही पेढीचा दागिना न्या. सराफ घेतो. पण घेतो कसा, ते बघण्यासारखं आहे. आधी वजन. मग कस लावून किंवा मशीनवर शुद्धता. डाग वजा, घट वजा, आणि मग मोडीचा भाव. दागिना आपल्या दुकानाचा नाही हे दोघांनाही माहीत असतं, भावही त्याच हिशेबाने ठरतो. पुढे तो आटवला जातो. त्यातून घडलेला नवा दागिना हॉलमार्कसाठी पुन्हा तपासला जातो आणि त्यावर एचयूआयडी हा ओळख क्रमांक येतो. 1 एप्रिल 2023 पासून सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा हा क्रमांक सक्तीचा आहे. म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाच्या अंगावर दुसऱ्या कुणाची लबाडी जात नाही.

साडीचं, मिक्सरचं निराळं. ‘तुमच्याच दुकानातून नेलीय’ असं सांगून दुसरीकडची साडी गळ्यात मारली, तर ते उघड खोटं आहे आणि भुर्दंड त्या दुकानाला बसतो. कधी काउंटरवरच्या पोऱ्याला. सरळ सांगितलं, ‘दुसरीकडून घेतली, बदलून देता का?’, तर घ्यायची की नाही हा दुकानदाराचा प्रश्न. विचारण्यात काहीच गैर नाही.

बियाण्याच्या बाबतीत मात्र सरळ सांगूनही भागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच ही फिल्म केली.

(दृश्य: पत्र्याचं घर, भर दुपार. फडताळावर ठेवलेलं पाकीट.)

बी जिवंत असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसवर जातो. पत्र्याखाली, फडताळावर, कधी फवारणीच्या औषधाशेजारी ते पाकीट पडून असतं. उष्णतेने आणि दमटपणाने उगवणशक्ती घटते, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. शिक्का जागेवर, रंग जागेवर. सोन्यासारखा कस लावून बघायची सोय काउंटरवर नाही. त्याची परीक्षा थेट शेतात होते, आणि ते शेत तिसऱ्याच माणसाचं असतं.

(दृश्य: विरळ उगवलेली कापसाची ओळ. मध्ये मोकळी जागा.)

त्या तिसऱ्या माणसाने आपल्या गावच्या दुकानातून पाकीट घेतलं. पैसे मोजले, बिल घेतलं. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर असतो. दुकानदाराने बाहेरून आलेलं पाकीट दिलं, पण बिल आपल्या साठ्यातल्या लॉटचं फाडलं. दुसरा लॉट तो लिहिणार कुठून? रजिस्टरला त्याची आवकच नाही. आठ-दहा दिवसांनी ओळीत खाडे दिसतात. शेतकरी तालुका तक्रार निवारण समितीकडे अर्ज करतो. समिती बांधावर येते, पंचनामा करते, बिल मागते, पिशवी मागते. बिलावर एक लॉट, पिशवीवर दुसरा. कंपनीला हात वर करायला एवढं पुरतं.

शेतकरी हा ग्राहकच आहे, बियाणं खराब निघालं तर तो ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केलं. 2017 साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा महाराष्ट्रात कापूस बियाण्याच्या 2009 च्या कायद्याखाली ‘जी’ नमुन्यात तक्रारी भरल्या गेल्या. ज्याच्याजवळ बियाण्याची पावती नव्हती, त्याची बाजू तिथेच लंगडी पडली. इतक्या कष्टाने मिळालेला हक्क दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या दोन पाकिटांपायी वाया जावा, याचं मला वाईट वाटतं. कारण दोघंही सारखेच अडलेले असतात.

म्हणून ‘हे पाकीट आमचं नाही’ म्हणणारा तो दुकानदार मला आडमुठा वाटत नाही. गुणनियंत्रण निरीक्षक आला आणि रजिस्टरला नसलेला लॉट सापडला, तर विक्री बंद आदेश त्याच्याच दुकानाला लागतो, ही त्याची भीतीही खरीच आहे.

(दृश्य: बिल, पाकिटाचं लेबल, रिकामी पिशवी. तिन्ही एका डब्यात.)

मग उरलेल्या पाकिटाचं करायचं काय? घेतानाच दुकानदाराला विचारा, बंद पाकीट किती दिवसांत परत घ्याल, आणि ते बिलावर लिहून घ्या. घरी पत्र्याखाली नको, सावलीत कोरड्या जागी ठेवा. नांग्या भरून होईपर्यंत थांबा. आणि शेजाऱ्याला द्यायचंच असेल तर पाकिटासोबत ते मूळ बिल पण द्या, आणि इतके दिवस ते कुठे ठेवलं होतं हेही त्याला सांगा.