रत्तलामागे एक पैसा

(दृश्य : हातात धरलेला जुना लाकडी धोटा. आधी शांतता, मग हळूहळू साच्यांचा, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचा, खडखडाट.)

हा धोटा. साच्यावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. दोन्ही टोकं लोखंडाची, पोट पोकळ. पोटात सुताची कांडी बसते आणि सूत बाहेर यायला कडेला एक बारीकसं भोक असतं. कांडी संपली की साचेवाला नवी घालायचा, धोटा ओठांना लावायचा आणि त्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचा. त्याला मजुरी मिळायची कापडावर. साचा थांबला की मजुरीही थांबली, मग दोरा ओवत कोण बसतो? सुताबरोबर कापसाची धूळही तोंडात जायची, ती थुंकून पुन्हा साचा सुरू.

धोटा लक्षात असू द्या. पुढे त्याच्यावरून बरंच काही घडणार आहे.

(दृश्य : ताडदेवचा रस्ता. जुन्या चिमणीचं रेखाचित्र.)

१८५४. कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्यानं ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली. भांडवल ५ लाख रुपये, ते शहरातल्या पन्नासेक व्यापाऱ्यांनी मिळून उभं केलं. यंत्रं विलायतेहून आली आणि १८५६ मध्ये चिमणीतून धूर निघाला. पाचेक वर्षांत अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहराला शेअरचं वेड लागलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, फुगा फुटला, भले भले रस्त्यावर आले. तरीही कापसात आणि अफूच्या व्यापारात मुरलेला पैसा काही घराण्यांच्या गाठीला उरलाच. पुढच्या दोन-तीन दशकांत तो गिरण्यांत उतरला. पेटिट, ससून, मोरारजी गोकुळदास, वाडिया, टाटा. शतक सरेपर्यंत मुंबईत गिरण्या ऐंशीच्या घरात गेल्या. त्यांचं जाडंभरडं सूत बोटीनं चीनला जायचं.

हे सगळं चालवायचं कोणी? भागधारक तर शेकड्यांनी. त्यावर तोडगा निघाला मॅनेजिंग एजन्सीचा. कंपनी भागधारकांची, कारभार मात्र एका एजंट पेढीकडे, तोही करारानं, वर्षानुवर्षं. आणि एजंटाचा मोबदला? अनेक गिरण्यांत तो ठरला होता तयार सुताच्या दर रत्तलामागे (रत्तल म्हणजे पौंड) एक पैसा, म्हणजे पाव आणा. नफा होवो न होवो, सूत विकलं जावो की गोदामात पडून राहो, पैसा ठरलेला. जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये नफ्यावर मोबदला घ्यायची रीत पाडली, पण मुंबईत हा पैसा बराच काळ चालला.

माझ्या मते गिरणगावाची निम्मी कहाणी या एका पैशात आहे. नफ्यावर पोट असलेला माणूस बाजार मंदावला की यंत्रं थांबवून विचार करतो. रत्तलावर पोट असलेला कशाला थांबवेल?

(दृश्य : पहाटेचा भोंगा. अंधारात चालणारी पावलं.)

आणि यंत्रं थांबत नव्हती. गिरण्यांत विजेचे दिवे येईपर्यंत कामाची वेळ ठरवायचा सूर्य. उजाडलं की सुरू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा व्हायचा. १९०५ च्या सुमारास दिवे आले आणि तोही अडसर गेला. रविवार? रविवारी यंत्रं पुसायची असत.

एक गंमत बघा. मुंबईच्या गिरणी धंद्यात संघटना पहिल्यांदा केली ती मालकांनी, १८७५ साली. निमित्त कारखाने कायद्याचं. मुंबईचं स्वस्त सूत लँकेशायरला खुपत होतं, म्हणून तिथले कारखानदार हिंदुस्थानातल्या मजुरांचा कळवळा येऊन कायद्याची मागणी करत होते. कळवळ्यामागचा हिशेब मालकांना कळत होता. १८८१ मध्ये कायदा आला तोही अर्धामुर्धा : सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांवर राबवायचं नाही. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

(दृश्य : 'दीनबंधु'चा जुना अंक.)

ते अक्षर लिहून घेण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेला माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. मागण्या वाचल्या तर आज गलबलून येतं, इतक्या साध्या आहेत. रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर अपघात झाला तर माणूस बरा होईपर्यंत पगार.

सहा वर्षं काही हललं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या. १८९० सालची मुंबई डोळ्यांपुढे आणा म्हणजे यात काय होतं ते कळेल. १० जूनला मालकांच्या संघटनेनं रविवारची सुटी मान्य केली.

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभं राहतो ना आपण, त्या सकाळीचं मूळ इथे आहे.

लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'कडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. युनियन म्हणावी असं कागदावर काहीच नाही. १८९७ मध्ये प्लेगाच्या साथीत लोखंडे गेले आणि संघटनाही विरली.

(दृश्य : चाळीचा व्हरांडा. दोरीवर वाळणारे कपडे. भिंतीला टेकवलेल्या वळकट्या.)

कागदावर नसलेली संघटना मात्र दुसरीकडे घडत होती, आणि तिचा पाया मालकांनीच घातला होता.

एजंट बसायचा फोर्टात. मॅनेजर बरेचदा साहेब, नाहीतर पारशी. सकाळी फाटकापुढे जमलेल्या माणसांतून कोणाला आत घ्यायचं हे ठरवायचा मुकादम. त्याला जॉबरही म्हणत. भरती तो करायचा, काढूनही तोच टाकायचा, आणि नोकरी दिल्याबद्दल दस्तुरी खायचा. मालकाची डोकेदुखी गेली. पण मुकादम माणसं आणायचा कुठून? आपल्या गावातून, आपल्या भावकीतून. रत्नागिरी, सातारा, पुण्याचा घाटमाथा. एका गावची माणसं एका खात्यात, एका चाळीत, एका खानावळीत. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा.

बायकापोरं बहुधा गावी. शेतात भात पिकायचं, म्हातारपण आणि बाळंतपण गावाकडे निघायचं, गिरणीला फक्त एकट्या गड्याची मजुरी द्यावी लागायची. मजुरी स्वस्त राहिली ती कोकणातल्या वरकस जमिनीच्या जिवावर. मालकांना ही सोय फार आवडली. तिची दुसरी बाजू त्यांना १९२८ मध्ये दिसली.

(दृश्य : जुलै १९०८ ची वृत्तपत्रं.)

त्याआधी कामगारांनी आपलं बळ अजमावून पाहिलं होतं. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तर गिरणगावानं सहा दिवस काम बंद ठेवलं, वर्षाला एक दिवस. लष्कर आलं, गोळीबार झाला, माणसं मेली. १९१९ मध्ये महागाईवरून लाखाच्या वर कामगार बाहेर पडले. १९२० मध्ये मुंबईतच लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९२५ चा संप तर विलक्षण. मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात केली आणि सांगितलं, सरकारनं कापडावरची साडेतीन टक्के जकात उठवली तर कपात मागे घेऊ. कामगार महिनोन्महिने उपाशी राहिले. डिसेंबरात सरकारनं जकात थांबवली, कपातही गेली. कामगारांच्या उपासावर मालकांचा कर सुटला!

आता १९२८. जपानी कापडाची स्पर्धा वाढली होती. त्यावर काही मालकांनी उपाय काढला : दोन साच्यांवर काम करणाऱ्यानं तीन साचे सांभाळायचे, त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, यंत्राची एक बाजू बघणाऱ्यानं दोन बघायच्या. उरलेली माणसं घरी. शिवाय कापडात खोट निघाली की ते कापड साचेवाल्याच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची जुनी रीत होतीच. एप्रिलच्या अखेरीस सगळ्या गिरण्या बंद पडल्या. दीड लाख कामगार, सतरा मागण्या. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर ही कम्युनिस्ट मंडळी आणि मवाळ ना. म. जोशी एकाच संप समितीत. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष मात्र अर्जुन आत्माराम आळवे, स्वतः गिरणीत काम केलेले.

संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने पगाराशिवाय!

कसे जगले? भाऊच्या धक्क्यावरून बोटी भरभरून माणसं कोकणात गेली आणि चिखलात उतरून भात लावू लागली. मागे राहिलेल्यांना चाळीखालच्या वाण्यानं उधारीवर तांदूळ दिला. ज्या शेतीनं मजुरी स्वस्त ठेवली, तिनंच संप जगवला. आणि मुकादमानं एका गावची माणसं एका चाळीत आणून ठेवलीच होती. तिथे फुटून कामावर जायचं म्हणजे भावकीला तोंड दाखवायला जागा नाही. मुकादमाची सत्ता मोडायला युनियननं गिरणीगणिक कमिट्या नेमल्या. वर्ष संपताना युनियनचे सभासद पन्नास हजारांच्या वर होते.

(दृश्य : पुन्हा धोटा.)

आता धोट्याकडे येऊ. साचाखातं म्हणजे जास्त पगाराचं खातं. तिथे दलितांना प्रवेश नव्हता. कारण हेच भोक. महाराच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला कसा लावायचा? हा विटाळ मालकानं आणलेला नव्हता, साचेवाल्यांनीच तो पाळला होता, आणि लाल बावटा खांद्यावर घेऊन पाळला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात युनियनला नेमकं इथेच धरलं : सगळे कामगार एक, तर साचाखातं दलितांना उघडं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? नेत्यांनी ती मान्य केली, पण रडतखडत. मालकांनी तर हात वर केले. हा दोष आमचा नाही, म्हणाले. त्यांचं म्हणणं या एका बाबतीत खोटं नव्हतं.

मार्च १९२९ मध्ये सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप ठेवून मीरत कटाच्या खटल्यात पुढारी पकडले गेले आणि त्याच वर्षीचा पुढचा संप फसला.

(दृश्य : परळचं कामगार मैदान.)

७ नोव्हेंबर १९३८. संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलहाचं बिल मुंबई सरकारनं आणलं होतं. त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला आणि कामगार मैदानावरच्या सभेला आंबेडकर आणि डांगे एका व्यासपीठावर होते. मैदान तुडुंब भरलं होतं. बिल तरीही कायदा झालं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भोंगा वाजला. साचेवाले साचाखात्यात गेले. सभेला त्यांच्या शेजारी बसलेले महार कामगार बहुतेक गिरण्यांत त्रासनखात्याकडे वळले.

(खडखडाट वाढत जातो. पडदा काळा.)