सत्तर टक्के कशाचे?

(दृश्य : लाकडी पाट, त्यावर चॉकलेटच्या चार वड्या. हात एक वडी उचलतो, मोडतो. आवाज मोठा ठेवावा.)

हा ‘कट्’ ऐकलात? पुन्हा ऐका.

चॉकलेट चाखायला बसलं की पहिलं काम कानाचं. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, नीट जमलेलं असेल तर वडी अशी मोडते. नसेल तर वाकते आणि बोटाला माखते. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं. चॉकलेटवाल्याला हवी असते त्यातली पाचवी तऱ्हा. ती साधारण ३४ अंशांना वितळते, म्हणून वडी हातात टिकते आणि तोंडात विरते.

(दृश्य : पांढरट डाग पडलेली वडी, अगदी जवळून.)

ही बुरशी नाही. एप्रिलची दुपार, आणि वड्यांचा डबा आमच्याच गाडीच्या डिकीत राहिला. वितळून पुन्हा थिजताना कोको बटर वर आलं. खाल्लं तर काही होत नाही, फक्त तोंडात पिठूळ लागतं. त्या दिवशीचं चित्रीकरण गेलं, हा एक शॉट मिळाला.

(दृश्य : नवीन वड्या. वेष्टनांवरचा आकडा.)

चारही वेष्टनांवर एकच आकडा : ७० टक्के. दुकानात आपण हाच बघतो. सत्तर म्हणजे चांगलं, पंचाऐंशी म्हणजे आणखी चांगलं, आणि नव्वद खाणारा म्हणजे जाणकार! पण आकडा एवढंच सांगतो की वडीतला किती भाग कोकोच्या बियांचा आहे, त्यांच्यातलं बटर धरून. उरलेले तीस टक्के बहुतेक साखर. बी कुठली, तिचं काय केलं, याचा त्यात पत्ता नाही. ते कळायला वेष्टन उलटं करावं लागतं. मागे ‘हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट’ दिसलं, तर कोको बटरच्या जागी स्वस्त तेल आलंय. त्याला धंद्यात ‘कंपाउंड’ म्हणतात. गणपतीतले अनेक चॉकलेट मोदक याचेच असतात. साच्यातून सुटायला सोपे, वितळायला हट्टी.

(दृश्य : नाक चिमटीत धरलेली मुलगी.)

आता नाक धरा. तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका. कडू, थोडं गोड, बस्स.

सोडा नाक.

(पाच सेकंद निवेदन नाही. फक्त चेहरा.)

पहिली वडी केरळातल्या इडुक्कीच्या बियांची. आंबट आहे, पण लिंबाचा आंबटपणा नव्हे; पिकल्या करवंदाचा. दुसरी गोदावरीकाठची, आंध्रातली. तिच्यात भाजलेले शेंगदाणे आहेत, मागून काकवी येते. तिसरी मोठ्या कारखान्यातली : आधी व्हॅनिला, मग साखर, मग घशात बसून राहणारा कडूपणा. तिन्ही सत्तर टक्क्यांच्या. चौथीकडे नंतर येऊ.

(दृश्य : इडुक्की. सकाळ. झाडाच्या खोडावर लटकलेली पिवळी फळं.)

फणसासारखी खोडालाच लागलेली ही फळं कोकोची. कोयत्याने फोडलं की आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बिया, एका फळात तीस-चाळीस. गर चोखून बघा, थेट लिची आठवते. बी चावून बघा, तोंड तुरट होऊन आवळतं. चॉकलेटचा मागमूसही नाही. 

तो येतो इथे.

(दृश्य : लाकडी पेट्या, केळीची पानं. पान उचलताच वाफ.)

गरासकट बिया पेटीत भरायच्या, वर केळीची पानं, त्यावर गोणपाट. पहिल्या एक-दोन दिवसांत यीस्ट गरातली साखर खातं, दारूचा वास सुटतो. मग बिया वरखाली करायच्या. हवा शिरली की दारूचं ॲसिटिक आम्ल होतं आणि पेटी तापते, जवळजवळ ५० अंशांपर्यंत. हात घालवत नाही. या उष्णतेने आणि आम्लाने बी मरते. आता ती उगवणार नाही. आतल्या पेशी फुटतात, तुरटपणा उतरतो, आणि पुढे भाजताना ज्यातून चॉकलेटचा वास येणार, ती सामग्री तयार होते. पाच ते सात दिवस. घाई केली तर तुरटपणा राहतो, विसरलात तर नासकी चव येते. शेतकरी घड्याळ बघत नाहीत. पान उचलून वास घेतात.

(दृश्य : सुरीने उभ्या चिरलेल्या दोन बिया शेजारी-शेजारी.)

डावीकडची कच्ची : जांभळी, घट्ट. उजवीकडची आंबलेली : तपकिरी, मेंदूसारख्या भेगा पडलेली. पहिल्या आणि तिसऱ्या वडीतला फरक आमच्या मते इथला आहे. वेष्टनावर मात्र या पेटीला जागा नसते.

पुढे वाळवणं, भाजणं. मग पाखडणं, छोट्या कारखान्यात सूप आणि केस वाळवायचा ड्रायर, दोन्ही चालतात. टरफलं उडतात, बियांच्या आतले तुकडे, म्हणजे डाळ, उरते.

(दृश्य : दगडी ग्राइंडर फिरतोय. डाळीचा हळूहळू रस होतो.)

ओळखलंत ना? इडली-डोशाचं पीठ दळणारा वेट ग्राइंडर, कोइमतूरचा. याच घडणीची यंत्रं आज जगभरातले छोटे चॉकलेटवाले वापरतात. तिकडे त्यांना ‘मेलँजर’ म्हणतात. दोन-तीन दिवस अखंड फिरतो. कण तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर राहिला तर जिभेला वाळू लागते.

(दृश्य : जहाजावर चढणारी पोती.)

वेष्टनावरचा आकडा हेही सांगत नाही : जगातला जवळपास निम्मा कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो, तिथल्या मळ्यांतली बालमजुरी संपलेली नाही.

(दृश्य : पुन्हा पाट. चौथी वडी.)

आता ही. तीन वड्यांनंतर तोंड थकतं, म्हणून मध्ये कोमट पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. गार पाणी नको, कोको बटर जिभेवरच थिजतं.

नाकाशी धरा. धूर! पावसात ऊन मिळालं नाही, बिया चुलीच्या धगीवर वाळवल्या, आणि धूर आत शिरला. परीक्षकांच्या वहीत हा दोष. आमच्या पाहुण्या परीक्षकांनीही गुण कापले. पण चुलीवरच्या भाकरीचा वास ज्यांच्या नाकात आहे, त्यांचं काय करायचं?

(दृश्य : मागे हेडफोन घातलेला साउंडवाला. वेष्टन रिकामं.)

चौथीचा दुसरा टेक आम्हाला घेता आला नाही.