मुलाखती किती घ्यायच्या?

(सामाजिक शास्त्रांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार. गुणात्मक संशोधनाची, म्हणजे मोजणीऐवजी मुलाखती आणि निरीक्षणांवर उभ्या असलेल्या संशोधनाची, कार्यशाळा कुठेही असो, एक प्रश्न हमखास येतो: मुलाखती किती घ्यायच्या? तीस पुरतील का? गाइड पन्नास म्हणतात, तेवढ्या नाही झाल्या तर चालेल का? या प्रश्नामागची धास्ती मला कळते. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, आकडा लिहावा लागतो आणि समितीपुढे उभं राहिलं की पहिली विचारणा त्याचीच होते. म्हणून आज मुख्यतः याच प्रश्नावर बोलतो.

सर्वेक्षणात नमुन्याचा आकार आधी ठरतो, कारण त्या नमुन्यावरून सबंध समूहाविषयी अंदाज बांधायचा असतो. आपलं काम निराळं आहे. एखादी गोष्ट कशी घडते, माणसं तिथवर कशी पोचतात, हे आपल्याला समजून घ्यायचंय. त्यामुळे पुढची मुलाखत कोणाची घ्यायची, हे आधीच्या मुलाखतीतून ठरतं. हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्यक्षात बहुतेक जण आधी चाळीस मुलाखती उरकतात आणि मग वर्षभराने त्या उघडून बसतात. तोवर परत जायला वेळ नसतो आणि पैसेही नसतात.

१९६०च्या दशकात बार्नी ग्लेझर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांमध्ये मरणासन्न रुग्णांविषयी अभ्यास करत होते. आपण मरणार आहोत हे रुग्णाला माहीत असतं का, आणि ते माहीत असण्या-नसण्याने डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक यांचं वागणं कसं बदलतं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी वॉर्ड कसे निवडले ते पाहण्यासारखं आहे. आधी गेले अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे, कारण तिथे रुग्णाला काही कळण्याचा प्रश्नच नाही. मग मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या विभागात, जिथे रुग्ण पुष्कळदा बेशुद्ध असतात. मग अतिदक्षता विभागात, जिथे मरण अपेक्षित असतं आणि झटपट येतं. त्यानंतर कर्करोगाच्या वॉर्डात, जिथे ते सावकाश येतं आणि रुग्णाला कधी माहीत असतं, कधी नसतं. दर वेळी आधीच्या ठिकाणी जे हाती लागलं, ते आणखी कुठे तपासून पाहता येईल असा विचार करून पुढची जागा ठरवली. यातूनच रुग्ण आणि त्याच्याभोवतीचे कर्मचारी, दोघांनाही ठाऊक असून दोघंही ठाऊक नसल्यासारखं वागतात, या अवस्थेची संकल्पना पुढे आली. आपल्यापैकी ज्यांनी घरात असा आजार पाहिलाय, त्यांना ती ओळखीची वाटेल.

आता आपल्याकडचा विषय घेऊ. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सर्वेक्षणाची माहिती आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे साधारण सहांमध्ये एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात ३ टक्क्यांच्या आसपास आलेलं होतं. हा आकडा अत्यंत मोलाचा आहे. गुणात्मक संशोधन करतो म्हणून आकड्यांकडे पाठ फिरवायचं कारण नाही. तो आकडा नसता, तर हे सगळं चार-दोन बायकांचं दुखणं म्हणून बाजूला पडलं असतं. पण ती बाई त्या टेबलापर्यंत कशी पोचली, हे आकडा सांगत नाही. तिथून आपलं काम सुरू होतं.

समजा, तुम्ही या विषयावर निघालात. पहिली मुलाखत साहजिकच शस्त्रक्रिया झालेल्या बाईची. तिला विचारलंत, ‘पिशवी का काढली?’ तर उत्तर येईल, ‘त्रास होता म्हणून.’ संपलं. ‘का’ विचारलं की माणूस समर्थन द्यायला लागतो आणि तिला तर डॉक्टर, पत्रकार, अधिकारी, सगळ्यांनी आजवर ‘का’च विचारलेलं असतं. त्याऐवजी विचारा, ‘पहिल्यांदा दुखायला लागलं तेव्हा कुठल्या कारखान्यावर होता?’ आता ती सांगायला लागते. लेकरू केवढं होतं, कोपीपासून पाणी किती लांब होतं, मोळी कोणी उचलून दिली, नवरा काय म्हणाला. आणि त्या ओघात कुठेतरी ‘खाडा’ येतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) त्या कोयत्यावर घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकलं, म्हणजे खाडा झाला, तर त्याची कपात त्या हिशेबातून होते.

तुम्ही दवाखान्याविषयी विचारायला गेला होतात आणि समोर आला उचलीचा हिशेब. मग पुढची मुलाखत कोणाची? माझ्या मते, खाडे मांडून ठेवणाऱ्या मुकादमाची. त्यानंतर अशा बाईची, जिला हाच त्रास होता, दोन हंगाम खाडेही पडले, पण तिने पिशवी काढली नाही. ही बाई शोधायला वेळ लागेल, पण तिच्याशिवाय तुमचा युक्तिवाद लंगडा राहील, कारण तिचं ‘नाही’ कशाच्या जोरावर टिकलं हे कळल्याशिवाय इतरांचं ‘हो’ नीट कळत नाही. मग त्याच गावात, त्याच वस्तीत राहणारी, पण ऊसतोडीला न जाता शेतमजुरी करणारी बाई. मग ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती पहिल्यांदा कोणी घातली असा धागा निघाला, तर डॉक्टर. अशी ही साखळी वाढते. ती सिनॉप्सिस लिहिताना टेबलावर बसून तयार होत नाही.

कुठे आणि केव्हा बोलायचं, हेही यातच येतं. हंगामात अंधारात उठून फडात जाणाऱ्या बाईला कोपीवर गाठून तास-दीड तास बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि तिथे मुकादमाची माणसं आजूबाजूला असतात. उन्हाळ्यात ती गावी परतलेली असते. तेव्हा जा.

आता नोंदवहीकडे येतो. विद्यार्थ्यांच्या वह्यांत मला नेहमी अशी वाक्यं दिसतात: ‘घरची परिस्थिती हलाखीची आहे. महिला लाजाळू असून फारशी बोलत नाही.’ या दोन्ही वाक्यांत पाहिलेलं काहीच नाही. नुसता निकाल आहे. तोच प्रसंग असा लिहून बघा: ‘नवरा बाजेवर बसला होता, ती उंबऱ्याशी. पहिले तीन प्रश्न तिला विचारले, तिन्हींची उत्तरं त्याने दिली. तो शेळ्या सोडायला उठून गेला. मग ती बोलायला लागली, आवाज मात्र बारीकच ठेवला. तो परत आल्यावर ती चुलीकडे वळली.’ आता सांगा, लाजाळूपणा कुठे गेला? पहिल्या नोंदीत तुम्ही घरातल्या सत्तेचा पुरावा हातात असून तिच्या स्वभावाच्या खात्यावर टाकला होता. अशी नोंद त्याच रात्री लिहावी लागते. दुसऱ्या दिवशी शेळ्या आठवत नाहीत, चौथ्या दिवशी फक्त ‘लाजाळू’ उरतं.

मुलाखत ध्वनिमुद्रित केली असेल, तर ती स्वतः उतरवा. तासाभराच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज लागतात आणि टायपिंगला बाहेर देण्याचा मोह होतो. पण ती कुठे थांबली, कुठे हसली, कुठे ‘असू द्या’ म्हणून विषय बदलला, हे उतरवताना कानावर पडतं आणि विश्लेषण तिथेच सुरू होतं. कोडिंग करताना, म्हणजे उतरवलेल्या बोलण्याच्या तुकड्यांना नावं देताना, समासात ‘आरोग्य’, ‘आर्थिक’, ‘कौटुंबिक’ असे डबे मांडू नका. ती काय करतेय ते लिहा: खाडा वाचवणं, दुखणं लपवणं, पुढच्या हंगामाआधी उरकून घेणं. ‘उरकून घेणं’ हा कोड तुम्हाला पुढची बाई शोधायला लावेल. ‘आरोग्य’ लावणार नाही.

मग थांबायचं कधी? पुस्तकात लिहिलेलं असतं की नवीन काही मिळेनासं झालं की थांबा. हे बरोबर आहे, पण अपुरं आहे. एकाच टोळीतल्या दहा जणींशी बोललात तर नवीन काही मिळणारच नाही, कारण मुकादम एक, कारखाना एक, दवाखानाही बहुधा एक. तुमचं म्हणणं खोटं पाडू शकतील अशी माणसं शोधून त्यांच्याशी बोलून झाल्यावरही काही नवीन निघालं नाही, तर थांबा. सिनॉप्सिसमध्ये प्रामाणिकपणे लिहा: सुरुवात दहा-बारा मुलाखतींनी, पुढची निवड विश्लेषणानुसार, अंदाजे पंचवीस ते तीसपर्यंत. समितीने कारण विचारलं, तर वर सांगितलेली साखळी मांडा. नीट मांडलेली साखळी बहुतेक समित्यांना पटते.

शेवटी नावांविषयी. नाव बदललं की काम झालं, असं आपण धरून चालतो. ‘सुमन (नाव बदललेलं), वय ३४, अमुक गाव, दीर मुकादम’ एवढं लिहिलंत की त्या गावात ती कोण हे पोराटोरांनाही कळतं. पुढच्या वर्षीची उचल तिला त्याच दिराकडून घ्यायची असते. तेव्हा गाव, वय, नातं, सगळंच विचार करून बदलावं लागतं. उलट बाजूही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ‘परी’च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या नावागावासह प्रसिद्ध झाल्या आहेत आणि तेच योग्य आहे. ती तिची रचना आहे, तिथे नाव गाळणं म्हणजे तिचं श्रेय लाटणं. दोन्ही ठिकाणी बाई तीच असू शकते. सकाळी तिने ओवी सांगितली, दुपारी पिशवीविषयी बोलली. ओवीला नाव हवं, पिशवीच्या हकिकतीला नको.

म्हणून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायच्या आधी हे सगळं तिला तिच्या बोलीत समजावून सांगा. आणि मुलाखत संपल्यावर, मशीन बंद करून, पुन्हा विचारा की यातलं काही गाळायचंय का. ती जे सांगेल ते गाळायचं, तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यावर उभं असलं तरी.