नाकामागची पोकळी

(डिसेक्शन हॉल. स्टीलचा ट्रे जवळून.)

इंदूर. या शहरात डॉक्टर घडवणं १८७८ पासून चालू आहे. ट्रेमध्ये मधोमध उभं कापलेलं डोकं आहे, एका देहदात्या आजोबांचं. चेहरा झाकलेला आहे. चिमट्याचं टोक थांबलंय तो स्फिनॉइड सायनस, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडातली पोकळी. हिच्या वर पिट्युटरी ग्रंथी. दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि तिच्याच वर दृष्टीची नस.

आता शेजारचा ट्रे. हाड तेच, पण पोकळी निम्मीसुद्धा नाही. जन्मतः ती जवळजवळ नसतेच. साधारण तिसऱ्या वर्षापासून हवा या हाडात शिरू लागते आणि किशोरवयापर्यंत मागे सरकत राहते. बहुतेकांत ती पिट्युटरीच्या खालपर्यंत पोचते, काहींत त्याही मागे जाते, काहींत अलीकडेच थांबते. क्वचित एखाद्याचं हाड जवळपास भरीवच राहतं. तिथे नाकावाटे पिट्युटरीची गाठ काढायची तर ड्रिलनं वाट करावी लागते.

(कोरडी कवटी, आडवी कापलेली.)

"अगं, पडदा कुठे गेलाय बघ," मॅडम विद्यार्थिनीला विचारतात.

पडदा म्हणजे पोकळीचे दोन भाग करणारी पातळ हाडाची भिंत. पुस्तकातल्या चित्रात ती सरळ मधोमध असते. इथे ती तिरकी जाऊन नेमकी कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटली आहे. मॅडम बाहेरून टॉर्च धरतात, आणि धमनीवरचं हाड आतून उजळतं. बघा, किती पातळ. पुष्कळदा ते अर्धा मिलिमीटरही नसतं. काही माणसांत तर हाडच नसतं, धमनी आणि पोकळी यांच्यामध्ये नुसतं अस्तर. असा पडदा पिरगळून तोडायचा नसतो, सावकाश झिजवायचा असतो.

(सीटी स्कॅनची स्क्रीन.)

ऑपरेशनच्या आधी हे सगळं इथे वाचायचं. काप एक मिलिमीटरचे किंवा त्याहून बारीक, तिन्ही दिशांनी. समोरून घेतलेल्या कापात स्फिनॉइडमध्ये आडवी भिंत दिसली की मॅडम थांबतात. हा ओनोडी सेल. एथमॉइड म्हणजे दोन डोळ्यांच्या मधलं पोकळ्यांचं हाड; त्याचा मागचा कप्पा स्फिनॉइडच्या डोक्यावर चढून बसलेला, आणि दृष्टीची नस त्याच्या भिंतीत. एंडोस्कोपमधून बघणाऱ्याला वाटतं, आपण स्फिनॉइडमध्ये आलो.

१९०७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला सर्जन हर्मान श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने पिट्युटरीची गाठ काढली, तेव्हा सीटी नव्हता. आज आहे, म्हणून तो न वाचता आत जाणं अक्षम्य. चूक झाली तर जोराचा रक्तस्राव, अंधत्व, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं.

पण स्क्रीनवरची ती राखाडी रेघ ओळखायला हाड आधी हातात घ्यावं लागतं. एकच डोकं बघून हे येत नाही. दहा बघावी लागतात, आणि दहाही वेगळी निघतात.

(अर्ज भरणारं जोडपं. निवेदन नाही.)

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या अ‍ॅनाटॉमी विभागात मिळतो. भरलात तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण शेवटी फोन त्यांनाच करायचा असतो.