रात्री दोन वाजता कूस कोण बदलतं?

तुमच्या संघाने मला रुग्णाच्या शुश्रूषेवर बोलायला बोलावलंय. घरोघरी जाऊन व्यायाम करून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्यावर बोलता येईल. पण आज खाटेवरच्या माणसाबद्दल नाही, शेजारी स्टुलावर बसलेल्या बाईबद्दल बोलते. बाईच म्हणते, कारण मी गेले त्या घरांत बहुतेक वेळा बायको, सून नाहीतर लेकच असायची. मुलगे औषधं आणतात, बिलं भरतात. डायपर बदलणारेही आहेत. त्यातले दोघे पहिल्या रांगेत बसलेत, त्यांनी रागावू नये.

अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदला, असं आम्ही सांगतो. माकडहाडापाशी जखम होऊ नये म्हणून. सल्ला बरोबरच आहे. पण रात्री दहाला दिवा मालवला, की बारा, दोन, चार, सहा. सलग दोन तासांचीही झोप नाही, आणि हे वर्षानुवर्षं. हा हिशेब मी एकाही घरात मांडला नाही. सांगायचं आणि चप्पल घालायची.

1995 साली अमेरिकेत ओहायोमध्ये एक प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांना सांभाळणाऱ्या 13 बायका आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका. प्रत्येकीच्या हातावर, तिच्या संमतीने, साडेतीन मिलिमीटरची जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आपण रुग्णाची पाठ रोज तपासतो. हिची कोण तपासणार?

भेटायला येणारे काय म्हणतात? "तुम्ही आहात म्हणून ते आहेत हो!" कौतुकच असतं ते. पण एकदा सती-सावित्रीच्या ओळीत नेऊन बसवलं, की कंबर धरलीय हे सांगायची सोय उरत नाही.

आणखी एक. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं अंथरुणावर होत्या. एका पहाटे चादर तिसऱ्यांदा बदलताना माझ्या मनात आलं, 'आता सुटका होऊ दे.' कुणाची, ते मला नीट माहीत होतं. तेराव्यानंतरही ते वाक्य छातीवर बसून होतं. नंतर कितीतरी बायकांनी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीआड, मला हेच सांगितलं. त्यातल्या एकीनेही औषधाची वेळ चुकवली नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी सफरचंदं नेऊ नका. दुपारी दोन ते पाच मी बसते, तू आत जाऊन दार लावून झोप, असं म्हणा. ती नको म्हणेल. आधी तिच्याकडून कूस बदलायला शिकून घ्या: रुग्णाचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, खांदा आणि कमरेला हात घालून आपल्याकडे वळवायचं, आपले गुडघे वाकवून, पाठ नाही. लुळ्या बाजूचा हात ओढायचा नाही.

कोण झोपतंय इथे खाटेवर? या, दाखवते.